तंबोऱ्याला छिद्र पाडण्यापूर्वी

(होटगी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



होटगीच्या मंडळींना 'गेज' या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. या जंक्शनवर कित्येक वर्षे दोन मापांचे रूळ एकमेकांच्या शेजारी नांदले. मुंबईकडून सोलापूरमार्गे वाडीकडे जाणारा ब्रॉड गेज मार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा, तर विजापूर-बागलकोट-गदगकडे उतरणारा मीटर गेज मार्ग १००० मिलिमीटरचा. एका गाडीतून उतरायचे, गाठोडी-वळकट्या सांभाळत दुसऱ्या गाडीत चढायचे, हा येथील जुन्या पिढीचा नित्याचा अनुभव. पुढे गदग मार्गाचे रुंदीकरण झाले आणि ती यातायात संपली. मीटर गेजचे रूळ उखडले गेले म्हणून कोणी सुतक पाळले नाही, आणि पाळण्याचे कारणही नव्हते. रूळ हे वाहतुकीचे साधन आहे. अधिक क्षमतेचे साधन आले की कमी क्षमतेच्या साधनाने बाजूला व्हावे, हाच व्यवहार आहे.

आजच्या विषयाची सुरुवात या रुळांपासून करण्याचे कारण असे की, घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या जुन्या वाद्याचे काय करायचे, हा प्रश्न आज अनेक कुटुंबांपुढे उभा आहे. त्या वाद्याचा आवाज आजच्या कार्यक्रमांत पुरत नाही. तेव्हा त्याचेही 'रुंदीकरण' करावे काय? त्याला छिद्र पाडून, आत यंत्र बसवून, वायर जोडून ते ध्वनिवर्धकाच्या योग्यतेचे करावे काय? की ते जसे आहे तसेच गवसणीत जपून ठेवावे? प्रश्न एका वाद्याचा दिसतो. परंतु मिळालेल्या वारशाशी कसे वागायचे, हा त्याच्या पोटातला प्रश्न आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. समजा, होटगीतले एक मध्यमवर्गीय कुटुंब आहे. आजोबांच्या वडिलांनी मिरजेहून आणलेला तंबोरा घरात आहे. आजोबा रोज पहाटे त्यावर षड्ज लावून बसतात. नातू सोलापूरला शिकतो, गळ्याने गोड आहे, आणि मित्रांसमवेत भक्तिसंगीताचे कार्यक्रम करतो. साथीला की-बोर्ड आहे, ढोलकी आहे, मोठे स्पीकर आहेत. एके दिवशी तो म्हणतो, "आजोबा, आपला तंबोरा मी कार्यक्रमात घेतो. पण त्याचा आवाज कोणाला ऐकूच जात नाही. सोलापुरात एक जण पिकअप बसवून देतो. तबलीला बारीकसे छिद्र पाडायचे, एवढेच." आजोबा काही बोलत नाहीत. थोड्या वेळाने म्हणतात, "बाळ, भोपळा फुटला तर सांधता येतो. छिद्र मात्र बुजत नाही." यावर नातवाचे उत्तरही तयार आहे: "आणि गवसणीत ठेवून त्याचं काय होणार आहे, आजोबा? तुमच्यानंतर तो कोण वाजवणार?"

या घरात कोणाची बाजू न्याय्य आहे? वरवर पाहता आजोबा परंपरेचे आणि नातू आधुनिकतेचा, अशी विभागणी करण्याचा मोह होतो. परंतु ती विभागणी खरी नाही. नातवाला वाद्य वाजते राहावे असे वाटते आहे, आणि वाद्य वाजते ठेवणे हीच परंपरा आहे. आजोबांना वाद्याचा देह अखंड राहावा असे वाटते आहे, आणि पुढच्या पिढ्यांचा विचार करणे हीच खरी दूरदृष्टी आहे. दोन्ही इच्छा योग्य असतात तेव्हा निर्णय कठीण होतो, आणि अशा वेळी भावनेपेक्षा माहिती अधिक उपयोगी पडते.

प्रथम हे वाद्य कोठून आले ते पाहू. मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. पूर्वी तलवारी-भाल्यांना धार व झिलई देणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा या कुशल हातांनी सतार आणि तंबोरा घडवायला घेतला. पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत गाण्याला आश्रय होता. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेतील दीर्घ वास्तव्य प्रसिद्धच आहे. तंबोरा जुळवण्याविषयी ते अत्यंत काटेकोर होते आणि वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात चाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रे घडवणाऱ्या हातांनी काळ ओळखून सूर घडवले, याची ती शासकीय नोंद म्हणता येईल.

यात सोलापूर जिल्ह्याचा वाटा किती आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. तंबोऱ्याचा जो मोठा भोपळा, तो मिरजेत पिकत नाही. तो येतो आपल्या पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील भीमाकाठच्या शेतांतून. हा भोपळा चवीला कडू. भाजीच्या उपयोगाचा नाही. तो वाद्यासाठीच पिकवला जातो. वेलावर पूर्ण वाढल्यावर तो उन्हात वाळवायचा, आतला गर काढायचा, आणि मग कारागिराच्या हाती सोपवायचा. म्हणजे मिरजेचा तंबोरा ज्या भोपळ्याच्या बळावर घुमतो, तो आपल्या भीमेच्या मातीतला आहे. होटगीच्या घरातला तंबोरा हा या अर्थाने माहेरी आलेला आहे.

आता त्याचा नाद कसा निर्माण होतो ते पाहू. कारण हे समजल्याशिवाय छिद्र पाडावे की नाही, हे ठरवता येणार नाही. तंबोऱ्याला साधारणतः चार तारा. पहिली पंचमाची, मग जोडीच्या दोन षड्जाच्या आणि चौथी खर्जाची. जोडीच्या तारा पोलादी असतात. खर्जाची तार पितळेची. या तारा तबलीवरच्या घोडीवरून जातात. घोडीचा पृष्ठभाग सपाट नसून अत्यंत सूक्ष्म उताराचा असतो. त्या घासणीलाच जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला की एका नेमक्या जागी नाद एकदम 'उघडतो' आणि एका तारेतून अनेक स्वरांचे तेज बाहेर पडते.

हा चमत्कार सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही खुणावत होता. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशाच्या संशोधनासाठी. परंतु त्याआधी, १९२१ च्या सुमारास, त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर शोधनिबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूपाशी छेडली, त्या बिंदूपाशी ज्या स्वरांशांची कंपने शून्य असतात, ते स्वरांश नादात उमटू नयेत, असा पाश्चात्त्य भौतिकीचा नियम. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र ते स्वरांश स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचे कारण या घोडीच्या विशिष्ट आकारात आहे, हे रामन यांनी दाखवून दिले. कोणत्याही प्रयोगशाळेविना, केवळ कानाच्या बळावर, आपल्या कारागिरांनी हे साधले होते. तेव्हा या घोडीला किंवा तबलीला हात लावताना आपण कशाला हात लावत आहोत, याची जाणीव असणे बरे.

आता ध्वनिवर्धनाचे मार्ग. ते मुख्यतः तीन.

पहिला मार्ग चुंबकीय पिकअपचा. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हाच असतो. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्याच्यासमोर पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या आरंभी हे तंत्र बाजारात आले आणि गिटारचे रूपच पालटले. परंतु तंबोऱ्याच्या बाबतीत यात मूलभूत अडचण आहे. पितळेवर चुंबकाचा प्रभाव पडत नाही. म्हणजे जोडीच्या पोलादी तारा मोठ्याने ऐकू येतील आणि ज्या खर्जावर सारा डोलारा उभा आहे, ती तार जवळजवळ मुकी राहील. शिवाय चुंबक ऐकतो तो केवळ तारेला. भोपळ्याला आणि तबलीला तो ऐकतच नाही. मग मिरजेचा तंबोरा काय आणि फळीवर ताणलेली तार काय, त्याच्या लेखी सारखेच.

दुसरा मार्ग संपर्क-पिकअपचा. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत वीज निर्माण होते, हा शोध पिअर आणि जॅक क्युरी या बंधूंनी १८८० साली लावला. त्या तत्त्वावरची पातळ चकती घोडीखाली किंवा तबलीला चिकटवली की कंपनांचे विजेत रूपांतर होते. त्याला तारेच्या धातूशी कर्तव्य नाही. पितळ, पोलाद दोन्ही चालतात. दक्षिणेत वीणावादक एमनी शंकर शास्त्री यांनी असा संपर्क-माइक वापरून वीणा मोठ्या सभागृहांत पोहोचवली. परंतु या चकतीचा आवाज काहीसा कोरडा येतो, त्याला स्वतंत्र प्रिअँप्लिफायर लागतो, आणि वाद्यावर बोटाचा घासलेला स्पर्शही तितक्याच निष्ठेने स्पीकरमधून बाहेर पडतो. पक्के काम करायचे म्हणून तबलीत सॉकेटसाठी छिद्र पाडले, भोपळ्यात बॅटरी ठेवली, तर पातळ तबलीवर नको तो भार येतो. आणि बॅटरी विसरली गेली व आत पाझरली, तर भोपळ्याचे काय होईल, याचा विचार कोणी करत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत साधा: वाद्यासमोर चांगला माइक ठेवणे. पुण्यात १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात हजारो श्रोते मंडपात बसतात. तेथे गायकाच्या मागे दोन तंबोरे आणि त्यांच्यासमोर माइक, हेच दृश्य रसिकांच्या डोळ्यांत साठलेले आहे. पंडित भीमसेन जोशींचा षड्ज त्या मंडपात घुमला, तो तंबोऱ्याला छिद्रे पाडून नव्हे. हे पंडितजी आपल्या होटगीवरून जाणाऱ्या त्या गदगच्याच मुलखातले, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.

मग माइक असताना नातवाची तक्रार का? कारण आपल्याकडे माइक कसा वापरायचा, याचेच शिक्षण नाही. माइक दोन फुटांवरून एक फुटावर आणला तर त्याच्यावर पडणारा ध्वनिदाब साधारण दुप्पट होतो. स्पीकर माइकच्या मागे ठेवला तर त्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. तंबोऱ्याचा पोकळ भोपळा तर जवळच्या स्पीकरच्या खर्जाने स्वतःच घुमू लागतो. म्हणून स्पीकर वादकांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. माइक एका दिशेने ऐकणारा, तबलीच्या समोर. आणि मंचावरचा एकंदर आवाज आवरलेला, एवढी पथ्ये पाळली तर बहुतेक ठिकाणी छिद्राचा विचारच मनात येणार नाही. उत्सवात ध्वनिवर्धकाची जबाबदारी ज्या कार्यकर्त्यावर असते, त्याने हे शिकून घेणे हीसुद्धा संगीताची सेवाच आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. तंबोरा ऐकू येत नाही, याचे उत्तर पुष्कळदा तंबोरा मोठा करण्यात नसून ढोलकीचा स्पीकर लहान करण्यात असते.

येथे एक मूळचा प्रश्न विचारायला हवा. तंबोरा कोणासाठी असतो? श्रोत्यांसाठी की गाणाऱ्यासाठी? तंबोरा सर्वप्रथम गाणाऱ्याच्या कानासाठी असतो. आपला षड्ज कोठे आहे, आपण त्याच्या किती जवळ आहोत, हे त्याला क्षणोक्षणी सांगणारा तो सोबती आहे. श्रोत्यांना तो जाणवावा, पण समोर येऊन बसू नये. आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. टाळ-मृदंगाच्या गजरात तिचा झंकार किती जणांना ऐकू येतो? फार थोड्यांना. तरीही वीणेकऱ्याला सर्वांचे मस्तक नमते. आवाजाच्या मोठेपणावरून वाद्याचे मोठेपण ठरत नाही, हे आपल्या खेड्यातल्या माणसाला कोणी शिकवावे लागलेले नाही.

याचा अर्थ वाद्यात कधीच बदल करू नये, असा आहे काय? तसे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. तंबोऱ्याच्या तारा तुटतात, त्या बदलाव्या लागतात. खुंट्या झिजतात, नव्या बसवाव्या लागतात. जवारी काही काळाने बसते. ती घासून पुन्हा 'काढावी' लागते, आणि प्रत्येक घासणीत घोडीचा थोडा अंश जातो. शेवटी घोडीच बदलावी लागते. म्हणजे जो तंबोरा आजोबा पणजोबांचा म्हणून छातीशी धरतात, त्याची घोडी, तारा आणि खुंट्या कदाचित पणजोबांच्या वेळच्या नसतीलही. तरी तो पणजोबांचाच तंबोरा आहे. कारण त्याचा भोपळा, दांडी आणि तबली तीच आहे. वाद्याचे काही भाग झिजण्यासाठी आणि बदलण्यासाठीच असतात. काही भाग मात्र वाद्याचा देह असतात. पहिल्यात बदल ही देखभाल, दुसऱ्यात बदल ही शस्त्रक्रिया. या दोहोंतील भेद ओळखणे, यातच निर्णयाची किल्ली आहे.

शस्त्रक्रिया करूच नये असेही इतिहास सांगत नाही. इटलीतील आंतोनिओ स्त्रादिवारी हा १७३७ साली निधन पावलेला व्हायोलिनचा श्रेष्ठ कारागीर. आज त्याची व्हायोलिने अमूल्य मानली जातात. परंतु त्यांपैकी जवळजवळ सर्वांच्या माना पुढील काळात बदलल्या गेल्या. त्या लांब करून मागे झुकवल्या, आतली आधारपट्टी अधिक मजबूत बसवली. कारण मोठी सभागृहे आली, तारांचा ताण वाढला, अधिक भरदार आवाज हवा झाला. हे बदल झाले नसते तर ती वाद्ये कदाचित मंचावरून निवृत्त होऊन कपाटात गेली असती. मात्र त्याची किंमतही मोजावी लागली: स्त्रादिवारीने स्वतःच्या कानांनी जो आवाज ऐकला, तो आज सहसा ऐकता येत नाही. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात १६९० सालचा त्याचा एक मोठा 'टेनर व्हायोला' मूळ स्वरूपात शिल्लक आहे, आणि वाद्य मुळात कसे होते हे जाणून घेण्यासाठी अभ्यासकांना त्याच्याकडे धाव घ्यावी लागते. सर्वांनी बदल केला, एकाने केला नाही, आणि त्या एकामुळे आज इतिहासाला साक्षीदार आहे.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. कर्नाटक संगीतात मँडोलिन आणणारे यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांना दीर्घ गमकांसाठी टिकाऊ नाद हवा होता. साध्या मँडोलिनमध्ये तो मिळत नव्हता. त्यांनी पाच तारांचे इलेक्ट्रिक मँडोलिन स्वीकारले. गरज नवी होती, म्हणून वाद्यही नवे घेतले. तसेच बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. प्रवासात, एकट्याच्या रियाजात, तंबोऱ्यावर बसायला कोणी नसताना त्याचा मोठाच आधार झाला. जवारीचे सारे तेज त्यात नाही, हे खरे. परंतु त्याने एकाही जुन्या तंबोऱ्याला छिद्र पाडले नाही, हेही तितकेच खरे.

आणि केवळ नकार देऊन प्रश्न सुटतात, असेही नाही. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. १९७१ मध्ये ती सैल होईपर्यंत तीन दशके उलटली. परंतु त्या काळात कीर्तनातली, भजनातली आणि रंगभूमीवरची पेटी काही थांबली नाही. लोकांना ज्याची खरी गरज असते, ते आदेशाने थांबत नाही. म्हणून आजोबांनीही केवळ "नाही" म्हणून चालणार नाही. नातवाची गरज खरी असेल तर तिला वाट काढून देणे, हे त्यांचे कर्तव्य आहे.

मग निर्णय घ्यायचा कसा? क्रमाने पाच प्रश्न विचारावेत.

पहिला: आवाज वाढवण्याची गरज खरोखर आहे काय, की इतरांचा आवाज कमी करण्याची आहे? दुसरा: उत्तम माइक आणि त्याची योग्य जागा यांनी काम भागते काय? हे एकदा प्रामाणिकपणे करून पाहावे. तिसरा: करावयाचा बदल परत फिरवता येणारा आहे काय? संग्रहालयातील जतनकर्त्यांचा हा पहिला नियम. आज केलेले उद्या निर्दोषपणे काढून टाकता आले पाहिजे. वरून लावलेली, काढता येणारी संपर्क-चकती या कसोटीला उतरते. तबलीतले छिद्र उतरत नाही. गोंद मात्र लाखेच्या झिलईला इजा करणारा नसावा, आणि तो आधी कारागिराला विचारूनच लावावा.

चौथा प्रश्न: बदल देहात आहे की बदलत्या भागात? घोडी हा बदलता भाग आहे. पिकअप हवाच असेल तर मिरजेच्या कारागिराकडून दुसरी घोडी करून घ्यावी, चकती तिच्यात बसवावी, वायर बाहेरून आणावी आणि प्रिअँप्लिफायरची डबी वाद्याबाहेर ठेवावी. जुनी घोडी कापडात गुंडाळून, तिच्यावर तारीख लिहून, जपून ठेवावी. ज्या दिवशी नको वाटेल, त्या दिवशी तंबोरा पूर्ववत. जवारीत फरक पडेल. पण तो कारागिराच्या हाताने पुन्हा साधता येतो.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हे वाद्य कोणाचे आहे? ते आजोबांचे नाही आणि नातवाचेही नाही. आजोबांना ते मिळाले, नातवाला ते मिळेल, आणि त्याच्याकडून ते आणखी कोणाला तरी जायचे आहे. ज्याच्या हाती ते आज आहे तो विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेव वापरावी, वाढवावी. पण जिचा हिशेब पुढच्याला देता येणार नाही, अशी तूट करू नये.

आता पुन्हा त्या कल्पनेतल्या घरी जाऊ. या पाच प्रश्नांतून गेल्यावर निर्णय बहुधा असा व्हावा: पणजोबांच्या तंबोऱ्याला छिद्र पाडायचे नाही. नातवाने तो कार्यक्रमाला अवश्य न्यावा, समोर एक चांगला माइक ठेवावा, आणि की-बोर्डवाल्या मित्राला आवाज आवरायला सांगावे. तेवढ्याने भागले नाही, मोठ्या मैदानातले, गोंगाटाचे कार्यक्रम वाढले, तर त्यासाठी मिरजेत दुसरा, नवा तंबोरा करायला टाकावा, आणि त्यात पहिल्या दिवसापासून पिकअपची सोय कारागिराकडूनच करून घ्यावी. या निर्णयात भीमाकाठच्या शेतकऱ्याचा एक भोपळा विकला जातो, मिरजेच्या एका कारखान्यात काही आठवड्यांचे काम होते, आणि कोणा तरुण कारागिराला आपला पिढीजात हात चालू ठेवावासा वाटतो. जुन्याचे रक्षण आणि नव्याचे स्वागत या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे बोलून नव्हे तर मागणी नोंदवून दाखवता येते.

मात्र या निर्णयात आजोबांनाही एक अट पाळावी लागेल. छिद्र टळले म्हणून तंबोरा पुन्हा गवसणीत जाता कामा नये. न वाजणाऱ्या वाद्याची तार गंजते, खुंट्या घट्ट बसतात, भोपळ्याला कीड लागते; आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे तो जुळवण्याची विद्या घरातून जाते. छिद्राने वाद्य जेवढे मरते, त्याहून अधिक ते उपेक्षेने मरते. नातवाचा तो प्रश्न, "तुमच्यानंतर तो कोण वाजवणार?", उद्धटपणाचा नव्हता. तो त्या घरातला सर्वांत खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर एकच: आजोबांनी उद्या पहाटे नातवाला शेजारी बसवावे, दोरा त्याच्या हातात द्यावा आणि जवारी कोठे उघडते, ती जागा त्याला त्याच्या कानाने शोधू द्यावी. ती जागा सापडल्यावर तबलीला छिद्र पाडण्याची इच्छा नातवाला स्वतःलाच राहणार नाही. आणि राहिलीच, तर निदान आपण काय पणाला लावत आहोत, हे जाणून तो निर्णय घेईल.

होटगीच्या जंक्शनवर आता एकच माप उरले आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु आपल्या घराघरांत दोन मापे अजून शेजारी शेजारी नांदत आहेत: एक वेगाचे, एक सुराचे. एकातून दुसऱ्यात चढता-उतरता आले पाहिजे. त्यासाठी एक माप उखडून टाकण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी जुने वाद्य असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर त्याची गवसणी काढावी, धूळ पुसावी, एक तार छेडून पाहावी, आणि ती ऐकायला घरातल्या लहानग्याला हाक मारावी. पुढचा निर्णय मग दोघांनी मिळून करावा.